बारा मुली आणि एम-थ्रीचा पेपर

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी मी खो-खो सोडला. सोड असं कुणी सांगितलं नव्हतं. आटपाडीहून सांगलीच्या हॉस्टेलवर आले, सिव्हिलला प्रवेश मिळाला होता, आणि माझं मीच ठरवलं की आता खेळ बास. शाळेत मी आक्रमणाला असायचे. खांबाला एका हातानं धरून सूर मारायचा आणि पळणाऱ्या मुलीच्या टाचेला बोटं लावायची, हे माझं काम. दोनदा राज्य पातळीवर खेळून आले होते. गुडघ्यांचे पॅड मी ट्रंकेच्या तळाशी घातले आणि वर्षभर मान खाली घालून अभ्यास केला. वर्षाच्या शेवटी एम-टूमध्ये, म्हणजे गणिताच्या दुसऱ्या पेपरात, नापास झाले.

निकाल बघून रडू आलं नाही, राग आला. खेळ सोडूनही नापासच व्हायचं होतं, तर तो सोडला कशाला?

वडील तेव्हा कोइमतूरला होते, गलाईच्या कामाला. आमच्या भागातले निम्मे बापे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या या धंद्यापायी मुलखाबाहेर असतात. त्यांना फोन केला. निकाल ऐकून त्यांनी विचारलं,

"मग आता काय ठरवलंयस?"

"परत खेळणार हाय."

"आन् गणित?"

"ते बी करणार."

"बरं," ते म्हणाले. "दोन्ही कर. पर पुन्यांदा मला फोनवर आर्धं काय बी सांगू नगंस."

दुसऱ्या वर्षाचं कॉलेज सुरू झालं त्याच आठवड्यात मी जिमखान्यात गेले. तिथले सर मूळचे मेढ्याकडचे, तरुणपणी स्वतः कबड्डी खेळलेले. मुलींच्या खो-खोचं विचारलं तेव्हा ते हसले. आमच्या कॉलेजातून मुलींचा खो-खोचा संघ कधी गेलाच नव्हता.

"हितल्या पोरींना सबमिशनमधनं मान वर काढायला सवड न्हाई," सर म्हणाले. "तू बारा पोरी आण. मग फॉर्म भरतो."

नऊ खेळायला आणि तीन राखीव. मी हॉस्टेलच्या तिन्ही मजल्यांवर दार वाजवत फिरले. कुणाला ड्रॉइंगच्या शीट पूर्ण करायच्या होत्या, कुणाला ऊन सहन होत नव्हतं. एकीनं विचारलं, याचे मार्क मिळतात का? मी म्हटलं, नाही. तिनं दार लावून घेतलं. पण आठवडाभरात नऊ जणी झाल्या. त्यातल्या तिघींनी शाळेत खेळलेलं होतं, बाकीच्यांना निदान पळता येत होतं. मेकॅनिकलच्या एका मुलीनं तिची खोलीवरची मैत्रीण ओढून आणली. मला धरून अकरा.

बारावी मुलगी आपणहून आली. आमच्याच वर्गातली, आणि वर्गात पहिली. सांगलीच्या गावभागात राहायची, कॉलेजला स्कूटीवरून यायची. वर्षभरात मी तिच्याशी दहा वाक्यंही बोलले नसेन. जाड भिंगांचा चष्मा, आणि वह्या अशा की परीक्षेच्या आधी अख्खा वर्ग त्यांचे फोटो काढून घ्यायचा. लॅबबाहेर मला गाठून ती म्हणाली,

"मला घेशील?"

"तू खेळलीयस कधी?"

"नाही. शाळेत मला नेहमी गुण लिहायला बसवायचे. अक्षर चांगलं आहे म्हणून. सात वर्षं लिहिले." ती जरा थांबली. "नियम सगळे पाठ आहेत."

मला हसू आलं, पण तिच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काही नव्हतं. मी म्हटलं, "चष्मा बांधायला इलॅस्टिक आण. आणि मला एम-थ्री शिकव."

"चालेल," ती म्हणाली.

कॉलेजच्या मागं वर्कशॉप आणि कंपाउंडच्या मधे गवत वाढलेली जागा होती. ती आम्ही साफ केली. सर्व्हेच्या लॅबमधून टेप आणि रेंजिंग रॉड मागून आणले. तिथल्या सहायकांनी विचारलं, "प्रॅक्टिकल आहे का?" मी म्हटलं, "व्हय सर, प्रॅक्टिकलच हाय." मधली पाटी, आठ चौकोन, दोन्हीकडं खांबांच्या जागा असं सगळं आम्ही मोजून आखलं आणि त्यावर चुन्याची फक्की मारली. वर्षभर जर्नलात नुसती उतरवलेली मापं पहिल्यांदा जमिनीवर खरी झाली. सर्व्हेमध्ये पुढं मला चांगले मार्क पडले, त्याचं मूळ बहुतेक त्या आठवड्यात असावं. खांब वर्कशॉपच्या सुतारकाम विभागात घडले. तिथले निदेशक म्हणाले, "पोरींनो, तुमी रंधा मारायचा, मी फक्त बघनार." आम्ही मारला.

सराव सकाळी सहा ते सव्वासात. नियम एकच केला होता. ज्या मुलीचं जर्नल तपासून झालेलं नाही, तिनं रविवारी ते ड्रॉइंग हॉलमध्ये बसून सगळ्यांसोबत संपवायचं, आणि संपेपर्यंत बाकीच्यांनी उठायचं नाही. पहिल्या रविवारी दुपारचे तीन वाजले. तिसऱ्या रविवारी साडेअकरालाच आम्ही मोकळ्या झालो.

चष्मेवालीची अडचण वेगळी होती. पायात वेग होता, पण पाठीमागून "खो" आला की ती क्षणभर तशीच बसून राहायची. विचार करायची. तेवढ्यात समोरची पाच पावलं पुढं गेलेली असायची.

"आगं, काय मोजतीस?" मी ओरडायचे. "ऊठ आधी!"

"ती कुठल्या बाजूला वळेल ते बघत होते."

"उठून बघ! बसून काय दिसतंय!"

सव्वासातनंतर आमच्या जागा बदलायच्या. बाकीच्या मुली आंघोळीला पळायच्या आणि आम्ही दोघी वर्कशॉपच्या पायरीवर बसायचो. ती वहीत लॅप्लेसचं गणित घालायची आणि मी घाईघाईनं सूत्र लिहायला लागायचे. ती माझ्या हातातून पेन काढून घ्यायची.

"थांब. आधी वाच. त्यानं काय विचारलंय?"

"उत्तर काढायला सांगितलंय."

"कशाचं?"

मला सांगता यायचं नाही. चूक तिथंच होती, आणि पहिल्या वर्षी ती मला कुणी दाखवली नव्हती. गणित मला येत नव्हतं असं नाही. मी प्रश्न पुरता वाचायच्या आधीच सूर मारत होते.

खो-खोचं तिच्या घरी माहीत नव्हतं. सकाळी साडेपाचला ती "अभ्यासगट आहे" म्हणून निघायची. ते मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. "आई नाही म्हणेल," ती म्हणाली. "आई एकदा नाही म्हणाली की नाहीच." मी गप्प राहिले. मला बारावी मुलगी हवी होती आणि गणितही हवं होतं, हे त्या गप्प राहण्याचं खरं कारण.

ऑक्टोबरात गणिताच्या सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कडक माणूस. हजेरीचा एक टक्काही सोडायचे नाहीत.

"तुमच्यामुळे माझ्या वर्गातली पहिली मुलगी तासाला डुलक्या घेतेय," ते म्हणाले. "तुमचं एम-टू राहिलंय. तुम्हाला खेळाचं सुचतंय कसं?"

"सर, पहिल्या वर्षी खेळत नव्हते. तवाच राहिलंय."

त्यांनी खडू पुढं केला. "हे सोडवा." केबिनमधल्या छोट्या फळ्यावर त्यांनी एक गणित लिहिलं. मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग पाच ओळी लिहिल्या आणि सहावीला अडकले. सर फळ्याकडं बघत राहिले.

"पाचव्या ओळीपर्यंत बरोबर आहे," ते म्हणाले. "हजेरी मात्र मी देणार नाही. स्पर्धेला जाल त्या दिवसांचे तास नंतर माझ्यासमोर बसून भरून काढायचे."

"चालंल सर."

मग वेळापत्रकं लागली. विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धा साताऱ्यात, सोमवार-मंगळवार. एम-थ्रीचा पेपर गुरुवारी. आम्ही बाराही जणी पायरीवर बसून ते दोन कागद शेजारी शेजारी ठेवून बघत होतो. मी म्हटलं, जिला जमणार नाही तिनं आत्ता सांगावं, कुणी काही म्हणणार नाही. एक मुलगी उठली. तिचे तीन विषय राहिले होते. तिचं बरोबरच होतं. आम्ही अकरा उरलो. चष्मेवाली जागची उठली नाही. त्या दुपारी तिनं घरी सांगितलं की साताऱ्याला इंडस्ट्रियल व्हिजिट आहे.

सोमवारी पहाटेच्या एसटीनं निघालो. कराडपर्यंत सगळ्यांच्या मांडीवर वह्या होत्या, पुढं निम्म्याजणी झोपल्या. साताऱ्यात एका कॉलेजनं वर्गखोल्या रिकाम्या करून दिल्या होत्या. बाकं भिंतीला लावून आम्ही सतरंज्या टाकल्या. मैदानातून अजिंक्यतारा समोरच दिसत होता, पण त्याच्याकडं नीट बघायला सवड कुणाला होती?

पहिला सामना वाईकडच्या एका कॉलेजशी. त्यांना वाटलं होतं, इंजिनिअरिंगच्या पोरी काय खेळणार. आम्हालाही साधारण तसंच वाटत होतं. पण पहिल्या डावात आमचे खो इतके सरळ पडत गेले की जिमखान्याचे सर बाकावरून उठून उभेच राहिले. चष्मेवाली आता "खो" ऐकताच उठत होती. तिनं दोघींना बाद केलं आणि दोन्ही वेळा बाद केल्यावर पंचांकडं बघितलं, गुण लिहिला जातोय ना याची खात्री करायला. आम्ही सहा गुणांनी जिंकलो. दुपारी सतरंजीवर बसून ती सगळ्यांना फोरियर सिरीज समजावून सांगत होती, आणि कधी नव्हे ती आम्हा दहाही जणींना कळत होती.

मंगळवारी सकाळी दुसरा सामना, साताऱ्यातल्याच एका कॉलेजशी. त्या मुली दहा वर्षं एकत्र खेळत आलेल्या, ते त्यांच्या पळण्यातच दिसत होतं. तरी शेवटच्या डावात आम्ही चार गुणांनी मागे होतो, म्हणजे अगदी वाहून गेलो नव्हतो. त्यांची एक उंच मुलगी कुणालाच सापडत नव्हती. मी तिला खांबापर्यंत रेटत नेलं आणि तिथं खो दिला. चष्मेवाली उठली. वळली. ती उंच मुलगी खांबाला वळसा घालून निसटत होती, तेवढ्यात हिनं उजवा हात लांबवून स्वतःला झोकून दिलं. हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं, नुसतं करून दाखवलं होतं. बोटं त्या मुलीच्या पाठीला लागली आणि तोच हात जाऊन खांबावर आदळला.

पंचांनी बादची खूण केली. चष्मेवाली मातीत बसून हात पोटाशी धरून होती.

"लागलं?"

"गुण मिळाला का?"

"मिळाला. हात दाखव."

मधलं बोट सुजायला लागलं होतं. उजव्या हाताचं. गुरुवारी पेपर.

राहिलेला डाव आम्ही खेळलो आणि दोन गुणांनी हरलो. त्या हरण्याचं मला काहीच वाटलं नाही, इतकी मी त्या बोटात अडकले होते. सर आम्हा दोघींना रिक्षातून दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी फोटो काढला.

"हाडाला बारीक तडा आहे," ते म्हणाले. "तीन आठवडे बांधून ठेवायचं."

"परवा गणिताचा पेपर आहे," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडं आणि मग माझ्याकडं पाहिलं. "डाव्या हातानं लिहिता येतं?"

"नाही."

"मग मधलं आणि शेजारचं एकत्र बांधतो. अंगठा आणि पहिलं बोट मोकळं ठेवतो. लिहिता येईल असं मी म्हणत नाही, पण पेन धरता येईल."

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. कराड गेल्यावर म्हणाली, "आईला व्हिजिटमध्ये लागलं असं सांगते. मशीनमध्ये."

"न्हाई," मी म्हटलं. "मी येते घरी. खरं सांगू."

संध्याकाळी सातच्या सुमाराला आम्ही गावभागात तिच्या घरी पोचलो. घरात आई आणि ती दोघीच. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका. दार उघडल्यावर त्यांनी आधी पट्टी पाहिली, मग मला. मी उंबऱ्यावरच सगळं सांगून टाकलं. खो-खो, सकाळचा सराव, सातारा, खांब. 

"तू तिला नेलंस?" त्यांनी विचारलं.

"ती आपणहून आली, काकू. पण संघ माझाच हाय."

"माझ्याशी खोटं बोलायला तू शिकवलंस?"

"न्हाई. पण ती खोटं बोलतीय हे मला ठाऊक होतं. चार महिने. मी गप्प बसले."

मुलगी काही बोलायला गेली. त्यांनी तिच्याकडं न बघताच हात वर केला आणि ती थांबली. त्या माझ्याकडंच बघत होत्या. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"पेपर तुझाही आहे ना?"

"हो."

"ही लिहून अभ्यास करते. नुसतं वाचून हिच्या डोक्यात काही राहत नाही, लहानपणापासून. आणि परवासाठी हात जपायला हवा." त्यांनी दार पूर्ण उघडलं. "उद्या सकाळी आठला ये. ही तोंडानं सांगेल, तू लिहायचं. सगळा अभ्यासक्रम. संध्याकाळपर्यंत."

बुधवारी आठला मी तिच्या टेबलाशी बसले. तिनं डोळे मिटून पहिलं गणित सांगायला सुरुवात केली आणि मी लिहीत गेले. कुठं मी घाईनं पुढची पायरी लिहिली की ती न बघताच म्हणायची, "थांब, ते अजून मी म्हटलं नाही." दुपारी काकूंनी पोळी-भाजी, ताक आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. स्वतः मात्र त्या आत जाऊन जेवल्या. जेवण झालं की पुन्हा टेबल. चारच्या सुमाराला तिनं एक गणित अर्ध्यावर सोडलं आणि ती पाणी प्यायला गेली. परत आली तेव्हा मी ते पूर्ण केलेलं होतं. तिनं वाचलं.

"हे मी सांगितलं नव्हतं."

"न्हाई. पण त्यानं जे विचारलंय ते हेच हाय ना?"

"हेच आहे," ती म्हणाली. दाराशी उभ्या असलेल्या काकूंनी ते ऐकलं. आत जाऊन त्यांनी चहा टाकला, आणि या वेळी कप तीन होते.

सहाला मी मान वर केली तेव्हा दोन शंभरपानी वह्या भरल्या होत्या. माझ्या आयुष्यात एका दिवसात मी इतकं गणित कधी केलं नव्हतं. शिक्षा म्हणून बसले होते आणि अख्खा विषय हातातून गेला होता. काकूंना हे आधीच ठाऊक होतं की काय, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. शिक्षिकेला ठाऊक असणारच.

गुरुवारी गणिताच्या सरांनी तिला लेखनिक घ्यायला सुचवलं. अर्जही तयार ठेवला होता. ती नको म्हणाली. "सर, प्रत्येक चिन्ह समजावून सांगण्यात जेवढा वेळ जाईल, तेवढ्यात मी लिहीन." अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात पेन धरून तिनं तीन तास लिहिलं. मी दोन बाकं मागं होते. मधेच एकदा वर बघितलं तर ती हात झटकत होती आणि पुन्हा पेन उचलत होती. मग मी वर बघायचं बंद केलं. माझ्यापुढं सहा प्रश्न होते आणि सहाही कळत होते. सगळे वाचून झाल्यावरच मी लिहायला सुरुवात केली.

तिचे पाच प्रश्न झाले, सहावा राहिला.

निकाल लागला तेव्हा माझं एम-थ्री सुटलं होतं, बासष्ट मार्कांनी. सोबत राहिलेलं एम-टूही. वडिलांना फोन करून दोन्ही सांगितलं. ते म्हणाले, "आन् खेळाचं?" मी म्हटलं, "एक जिंकलो, एक हरलो." ते म्हणाले, "मग दोन्ही पुरं सांगितलंस." चष्मेवाली वर्गात तिसरी आली. पहिलीत नाव घातल्यापासून पहिला नंबर तिनं कधी सोडला नव्हता. नोटीस बोर्डापुढं ती बराच वेळ उभी राहिली. मी जवळ जायला घाबरत होते, ते खोटं कशाला सांगू. शेवटी गेले.

"कसं वाटतंय?"

तिनं जरा विचार केला. "भूक लागलीय."

आम्ही स्टँडजवळ जाऊन भडंग खाल्लं. तिचं बोट तोवर बरं झालं होतं, फक्त सांध्याशी जरा जाड राहिलं. तिसरा नंबर आल्याचं घरी ती स्वतःच सांगणार होती, आणि पुढच्या वर्षी खेळणार आहे हेही. "दोन्ही एकदमच सांगते," ती म्हणाली. "वेगवेगळं सांगितलं तर आई दोनदा रागावेल."

काकू रागावल्या की नाही ते मला कळलं नाही. पण तिसऱ्या वर्षी जिमखान्यात नावं द्यायच्या दिवशी सकाळी सव्वासहाला ती मैदानात हजर होती, आणि तिच्या मागं दुसऱ्या वर्षाच्या सात मुली उभ्या होत्या. बारा हव्या होत्या, जुन्या-नव्या मिळून आल्या एकवीस. जिमखान्याचे सर माझ्याकडं बघून म्हणाले, "आता नऊ जणींना न्हाई म्हनायचं काम तुजं. ते मला जमायचं न्हाई."

मी टेप आणि फक्कीची बादली त्या सातजणींच्या हातात दिली आणि म्हटलं, आधी मैदान आखा.